अहवाल उघडला आणि अक्षरं गेली: मराठी-कन्नड फाइलींतले हरवलेले फॉन्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका सहकारी सोसायटीचा कॉम्प्युटर बदलला. जुने वार्षिक अहवाल पेन ड्राइव्हवरून नव्या मशीनवर आणले. विंडोज ११, नवा वर्ड. सभासदांसाठीच्या मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सहकार खात्याकडे जाणाऱ्या कन्नड पानांवर तसाच गोंधळ आहे. दोन तक्त्यांत नुसते चौकोन आहेत, आणि मधले काही परिच्छेद मात्र स्वच्छ मराठीत आहेत. सगळं सिलेक्ट करून 'मंगल' दिलं, तरी फरक पडला नाही. आता सगळं नव्याने टाइप करावं लागेल का?

नाही लागणार, पण मूळ फाइल पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी असली पाहिजे. 'मंगल' देऊन सेव्ह केलेली प्रत बाजूला ठेवा, तिच्यावर काम करू नका. ती फाइल अजून उघडी असेल तर कंट्रोल-झेड दाबून मागे या आणि सेव्ह न करता बंद करा. बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदल की." आपल्या भागातल्या दोन भाषांच्या फाइलीचं सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. का, ते आधी बघू.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी नसतंच. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे आणि सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट, कन्नडमध्ये नुडी आणि बरहचे जुने फॉन्ट, हे सगळे एकाच युक्तीवर चालत. फाइलीत साठतात इंग्रजीच्या जागा, आणि फॉन्ट त्या जागांवर मराठी किंवा कन्नड आकार काढून दाखवतो. कृतिदेवमधला 'विज्ञान' हा शब्द फाइलीत प्रत्यक्षात एफ, ओ, मोठा के, लहान के, यू असा असतो. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ओ म्हणजे व, मोठा के म्हणजे ज्ञ, लहान के म्हणजे काना, यू म्हणजे न. फॉन्ट काढून घेतला की ही पाच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्यांना 'मंगल' देऊन उपयोग नाही, कारण मंगल देवनागरीच्या खऱ्या कोडवरच देवनागरी दाखवतो. एफला तो एफच म्हणतो.

म्हणजे अशा फाइलीत एखादा तुकडा मराठी आहे, कन्नड आहे की खरंच इंग्रजी आहे, हे सांगणारी एकच खूण उरते: त्या तुकड्याला लावलेल्या फॉन्टचं नाव. फॉन्ट मशीनवर नसला तरी ते नाव फाइलीत टिकून असतं. तुम्ही सगळ्याला एकच फॉन्ट लावून सेव्ह केलं की ती खूण पुसली जाते. मग पॅन नंबर, ईमेल, बँकेचा आयएफएससी कोड, मराठी ठराव आणि कन्नड ताळेबंद यांत फाइलीच्या लेखी काहीच फरक उरत नाही. एकभाषी फाइलीत यातून सावरता येतं. आपल्याकडच्या फाइलीत तेच काम तिप्पट होतं.

आधी चाचणी, नंतर इलाज

बिघडलेल्या प्रत्येक प्रकारातली एकेक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नोटपॅड फॉन्टची माहिती टाकून देतो आणि खाली जे खरं साठलंय तेच दाखवतो.

नोटपॅडमध्ये मराठी किंवा कन्नड वाचता आलं, तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत) आहे आणि फक्त फॉन्ट हरवलाय. हे सोपं काम. खिचडी दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे; तो मूळ फॉन्ट तरी हवा, नाहीतर युनिकोडमध्ये रूपांतर तरी. नोटपॅडमध्येही चौकोनच आले तर फॉन्ट 'सिम्बॉल' प्रकारचा असण्याची शक्यता जास्त, त्याबद्दल पुढे.

वर्डमध्येच खात्री करायची तर एका अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा कोड येतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. युनिकोड 'क' असेल तर ०९१५ दिसेल. देवनागरीचे नेहमीचे कोड ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, कन्नडचे ०सी८० पासून ०सीएफएफ पर्यंत. ००६६ किंवा ००४बी असं काही आलं तर ते इंग्रजी अक्षर आहे, म्हणजे जुना फॉन्ट.

आता हरवलेल्या फॉन्टची यादी काढा. वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड इथे खाली 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागात 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' बटण आहे. डावीकडे फाइलीत असलेला पण मशीनवर नसलेला फॉन्ट, उजवीकडे त्याच्या जागी वर्डने वापरलेला. यादी कागदावर उतरवून घ्या आणि 'कॅन्सल' करा. तिथलं 'कन्व्हर्ट परमनंटली' दाबू नका. ते बटण फॉन्टची नावं कायमची बदलतं, आणि आपल्याला तर ती नावंच हवी आहेत.

दुसरा मार्ग: डॉक-एक्स फाइलीची प्रत काढा, तिचं एक्स्टेंशन झिप करा, उघडा. आतल्या 'वर्ड' फोल्डरमध्ये 'फॉन्टटेबल' नावाची एक्सएमएल फाइल असते, ती नोटपॅडमध्ये वाचता येते. लिबरऑफिसमध्ये तर कर्सर त्या मजकुरात ठेवला की वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरांत दिसतं. तिरपं म्हणजे हा फॉन्ट इथे नाही.

नावांवरून बरंच कळतं. श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये 'श्री' नंतरची तीन अक्षरं लिपी सांगतात: डीईव्ही म्हणजे देवनागरी, केएएन म्हणजे कन्नड. आयएसएमचे देवनागरी फॉन्ट डीव्ही किंवा डीव्हीबीने सुरू होतात, जसा डीव्हीबी-टीटी योगेश. बीआरएचने सुरू होणारे बरहचे. त्यात कन्नड आणि देवनागरी दोन्ही असतात, म्हणून पुढचा शब्दही वाचा.

मूळ फॉन्ट परत बसवणं

जुना कॉम्प्युटर भंगारात गेला नसेल तर सर्वांत आधी त्याच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज > फॉन्ट्स या फोल्डरमधून यादीतले फॉन्ट कॉपी करून घ्या. फॉन्टचं दिसणारं नाव आणि फाइलीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, त्यामुळे कुठली फाइल कुठली या घोळात न पडता टीटीएफ (ट्रूटाइप फॉन्टच्या) फाइली सरसकट घ्या. श्रीलिपी आणि आयएसएम विकत घ्यायची उत्पादनं आहेत. सोसायटीच्या नावाने परवाना असेल तर नव्या मशीनसाठी त्यांच्याकडूनच सेटअप मागून घेणं रास्त. एक फरक लक्षात ठेवा. जुना मजकूर नुसता बघायला आणि छापायला फॉन्टची फाइल पुरते. त्यात नव्याने टाइप करायचं तर त्या कंपनीचं कीबोर्ड सॉफ्टवेअर, आणि काही आवृत्त्यांना डाँगल (कॉम्प्युटरला जोडायची परवान्याची किल्ली), लागतोच.

इंटरनेटवरून 'तसाच' फॉन्ट उतरवताना जपा. एकाच घराण्यातल्या फॉन्टची मांडणी एक असेलच असं नाही. डीव्ही-टीटी मालिका आणि डीव्हीबी-टीटी मालिका एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बी मालिकेत इंग्रजीलाही जागा ठेवायची असल्याने अक्षरं वेगळ्या ठिकाणी बसवली आहेत. श्रीलिपीच्या वेगवेगळ्या मालिकांचंही तसंच. चुकीची मालिका लावली की मजकूर अर्धा बरोबर, अर्धा भलताच दिसतो, आणि लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. कन्नडच्या बाबतीत मात्र आपलं नशीब बरं. नुडी हे कन्नड गणक परिषदेचं सॉफ्टवेअर, कर्नाटक सरकारच्या कार्यालयांत रुळलेलं, आणि बरहचे जुने कन्नड फॉन्ट बहुतांशी त्याच मांडणीचे. म्हणून बरहमधली फाइल नुडीच्या फॉन्टमध्ये सहसा वाचता येते. देवनागरीत असं एकमत कधी झालंच नाही. मराठी टायपिंगच्या निम्म्या डोकेदुखीचं मूळ तिथेच आहे.

फॉन्ट झिपमध्ये असेल तर आधी बाहेर काढा. झिपच्या आतून डबल क्लिक केल्यावर फॉन्टचा नमुना दिसतो, पण तेवढ्याने तो बसत नाही. नंतर फाइलीवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये फॉन्ट फक्त त्या एका लॉगिनपुरता बसतो. सचिवांच्या लॉगिनमध्ये दिसतो, क्लार्कच्या लॉगिनमध्ये दिसत नाही, आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तर कुठेच सापडत नाही. बसवल्यावर वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. तरीही यादीत नाव आलं नाही तर मशीन रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा तिथे काम होतं. नाहीच झालं तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' खिडकीत 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवून पुन्हा सुरू करा.

जुन्या प्रेसकडून पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीतल्या फाइली मिळाल्या तर त्या पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ फॉन्टच्या आहेत. ऑफिस २०१३ पासून वर्डने आणि ५.३ पासून लिबरऑफिसने त्यांचा आधार काढून घेतला. ॲडोबीनेही जानेवारी २०२३ मध्ये तेच केलं. त्यांच्यामागे वेळ घालवू नका, त्याच नावाची टीटीएफ शोधा.

फॉन्ट मिळेपर्यंत खिचडी झालेल्या मजकुराला हात लावू नका. वर्डला ती इंग्रजी वाटते आणि तो ती 'सुधारतो'. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो. कृतिदेवमध्ये लहान के म्हणजे काना आणि मोठा के म्हणजे ज्ञ, तेव्हा या एका सुधारणेने काय होतं बघा. सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो, आणि जुन्या फॉन्टमध्ये त्या चिन्हांच्या जागी एखादं जोडाक्षर बसलेलं असतं. दुरुस्ती करावीच लागणार असेल तर आधी फाइल > ऑप्शन्स > प्रूफिंग > ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन मोठ्या अक्षरांचे पर्याय आणि 'ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप' मधलं 'स्मार्ट कोट्स' बंद करा.

युनिकोड मजकूर असूनही चौकोन किंवा बेढब अक्षरं

विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी फॉन्ट आणि तुंगा हा कन्नड फॉन्ट मशीनबरोबर आपोआप येत नाहीत. येतो तो निर्मला यूआय. जुन्या अहवालात कोकिळा वापरला असेल तर नव्या मशीनवर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते, पानं सरकतात, आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. इलाज साधा: सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, नवीन फीचर जोडायच्या यादीतून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आणि 'कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. इंटरनेट लागतं. भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड जोडल्या तरी हे फॉन्ट येतात.

दोन भाषांच्या फाइलीची एक खास अडचण इथे आहे. वर्ड प्रत्येक मजकुराला इंग्रजीसाठी एक आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'साठी एक असे वेगळे फॉन्ट ठेवतो. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या एकाच दुसऱ्या खान्यात येतात. तिथे 'मंगल' असेल तर कन्नड अक्षरांसाठी वर्ड स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतो, आणि प्रत्येक मशीनवर तो वेगळा निघू शकतो. एका मशीनवर कन्नड ठसठशीत, दुसऱ्यावर किरटं, असं होण्याचं कारण हे. कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडली की हे दोन खाने वेगवेगळे दिसतात (दिसत नसतील तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा). आकार आणि ठळकपणाही दोघांचा स्वतंत्र असतो. मराठी मजकुराचा आकार बदलूनही बदलत नाही अशी तक्रार असेल तर कुणीतरी इंग्रजीच्या खान्यातला आकडा बदलत बसलंय.

सर्वांत कमी त्रासाचा उपाय म्हणजे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टला निर्मला यूआय देणं. एकाच फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि विंडोज ८ पासून तो मशीनवर असतोच. दिसायला तो साधा, ऑफिसच्या कागदासाठी ठीक. लग्नपत्रिकेला कुणी वापरणार नाही. छपाई देखणी हवी असेल तर दोन कॅरेक्टर स्टाइल बनवा, एक मराठीसाठी आणि एक कन्नडसाठी, आणि जोडीचे फॉन्ट द्या: नोटो सेरिफ देवनागरी आणि नोटो सेरिफ कन्नड, किंवा तिरो देवनागरी मराठी आणि तिरो कन्नड. मथळ्यांना 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बालू २ आणि बालू तम्मा २ चांगले जुळतात. हे सगळे मोफत आहेत आणि फाइलीत एम्बेड करायला (फाइलीच्या आतच भरून द्यायला) परवानगी आहे. तिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा श मराठी अहवालात खटकतो, आणि तो खटकावाच.

एखाद-दुसऱ्या अक्षरापुरताच चौकोन असेल, विशेषतः 'ॲ'च्या जागी, तर फॉन्ट जुना आहे. 'ॲ'ला स्वतंत्र कोड २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. नवा फॉन्ट द्या, मजकूर बदलू नका.

लिबरऑफिस वापरत असाल तर टूल्स > ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. त्याशिवाय फॉन्टच्या खिडकीत दुसरा खाना येत नाही. तिथेच 'फॉन्ट्स' या पानावर बदली-तक्ता आहे: डाव्या खान्यात हरवलेला फॉन्ट, उजव्यात पर्याय. फाइल न बदलता फक्त दाखवताना बदली होते, म्हणून वर्डच्या 'कन्व्हर्ट परमनंटली'पेक्षा हा मार्ग बरा. पण एक युनिकोड फॉन्ट दुसऱ्या युनिकोड फॉन्टच्या जागी, एवढ्यापुरताच. कृतिदेवच्या जागी मंगल लिहून खिचडी सुटत नाही.

नुसत्या चौकोनांचे ते दोन तक्ते

काही जुने फॉन्ट 'सिम्बॉल' म्हणून बनवलेले असतात. वर्ड त्यांची अक्षरं इंग्रजीच्या जागी न ठेवता एफ०२० ते एफ०एफएफ या खासगी पट्ट्यात ठेवतो. फॉन्ट नसला की तिथे इंग्रजीसुद्धा दिसत नाही, चौकोन दिसतात. मूळ फॉन्ट बसवला की तक्ता जसाच्या तसा परत येतो. रूपांतर करायचं असेल तर मात्र नुसतं कॉपी-पेस्ट करून चालत नाही, कारण कन्व्हर्टरला (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या साधनाला) तो पट्टा ओळखता येत नाही. वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे मॅक्रो, लिहिणाऱ्याला एवढं सांगा: प्रत्येक अक्षराच्या कोडमधून ६१४४० वजा करा, म्हणजे नेहमीची इंग्रजी जागा मिळते. व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रोच्या भाषेत, हे कोड ऋण संख्येत येतात, म्हणून आधी ६५५३६ मिळवावे लागतात. ही एक ओळ चुकली की मॅक्रो चालतो, पण काहीच बदलत नाही.

युनिकोडमध्ये कायमचं रूपांतर

दरवर्षी या फाइलींतून मजकूर उचलायचा असेल तर मूळ फॉन्ट सांभाळत बसण्यापेक्षा एकदा रूपांतर करून टाका. नुसता संग्रह असेल तर मूळ फॉन्टमध्ये पीडीएफ काढून ठेवा आणि विसरा. सगळे अहवाल बदलण्याचा हट्ट वेळखाऊ आहे.

रूपांतर फॉन्टनुसार करायचं, पानानुसार नाही. एका तुकड्यात कर्सर ठेवून होम > एडिटिंग > सिलेक्टमधला 'सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉर्मॅटिंग' वापरा. किंवा कंट्रोल-एच, 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट' असं जाऊन 'फाइंड'च्या चौकटीत एका फॉन्टचं नाव द्या. प्रत्येक फॉन्टच्या मजकुराला वेगळा हायलाइट रंग द्या, उदाहरणार्थ मराठीला पिवळा, कन्नडला हिरवा. रंग नसलेला उरतो तो खरा इंग्रजी मजकूर. त्याला कन्व्हर्टरमध्ये घालायचं नाही, नाहीतर आयएफएससी कोडचं मराठी होतं. हेडर, फूटर, तळटीपा आणि टेक्स्ट बॉक्स या शोधात निसटतात, ते वेगळे बघा. तक्ते कन्व्हर्टरमध्ये अख्खे टाकू नका, खाने सरकतात. एकेक रकाना घ्या.

कन्व्हर्टर निवडताना त्यात फॉन्टचं नेमकं नाव किंवा मालिका निवडता येते का ते पाहा. 'मराठी ते युनिकोड' एवढंच लिहिलेला बिनकामाचा. श्रीलिपी आणि आयएसएमची स्वतःची रूपांतर साधनं आहेत, नुडीचंही जुन्या कन्नड मजकुरासाठीचं आहे. सभासदांची खाती, आधार क्रमांक, थकबाकी असलेली पानं ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये पेस्ट करू नका. त्यासाठी मशीनवर चालणारंच साधन घ्या.

रूपांतरानंतर वाचावं लागतंच, पण कुठे वाचायचं ते ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. साध्या अक्षरावर बहुतेक कन्व्हर्टर हे सांभाळतात. जोडाक्षर किंवा मात्रा आली की अडखळतात. म्हणून 'स्थिती', 'वार्षिक', 'विद्यार्थी', 'निर्णय', 'आर्थिक' हे शब्द शोधून पाहा. एकात चूक निघाली तर ती सगळीकडे तशीच असणार, आणि शोधा-बदला वापरून एका फटक्यात सुधारता येते.

ऱ्याची चूक मराठीपुरती आणि सर्वांत चिवट. 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं, 'कर्मचाऱ्यांचे'चं 'कर्मचार्यांचे'. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला ऱ्य माहीतच नसतो. सरसकट 'र्य'चा 'ऱ्य' करू नका, 'कार्य', 'सूर्य', 'कार्यकारी मंडळ' बिघडतील. 'कर्यां', 'चार्यां' असे तुकडे घेऊन बदला, आणि तेव्हाही 'आचार्यांचा'सारखा शब्द मध्ये येत नाही ना हे एकेक पाहत जा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ्य असा: शिफ्ट-जे, डी, मग तिरकी रेघ. 'बँक' आणि 'ऑडिट' हेही तपासा. अर्धचंद्र आणि अनुस्वार एकत्र आले की एखादा गळतो. आकडे इंग्रजीत आले की देवनागरीत, तेही ठरवून घ्या, अर्धे असे अर्धे तसे ठेवू नका.

फाइल दुसऱ्याला देताना

फाइल > ऑप्शन्स > सेव्हमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करा. पुढे दुरुस्ती होणार असेल तर 'फक्त वापरलेली अक्षरं' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर समोरच्याला नवीन अक्षर टाइप करता येत नाही. 'कॉमन सिस्टीम फॉन्ट्स वगळा' हेही बंद. लिबरऑफिसमध्ये हे फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट एम्बेड होऊ देतो का, हे त्याच्या फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये 'फॉन्ट एम्बेडेबिलिटी'समोर लिहिलेलं असतं. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर वर्ड तो गुपचूप सोडून देतो, सूचनाही देत नाही.

छापखान्याला पीडीएफ द्या. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करणारे प्रेस अजून आहेत, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. युनिकोडची वर्ड फाइल दिली की ते परत श्रीलिपीत टाइप करून घेतात आणि तुम्ही काढलेल्या चुका पुन्हा येतात. इनडिझाइन वापरणाऱ्या प्रेसमध्ये वेलांट्या सुट्या पडल्या, हलन्त उघडे दिसले, तर फॉन्टला दोष देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. पीडीएफ काढताना वर्डच्या सेव्हच्या खिडकीतल्या 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ-ए (फॉन्ट आतच ठेवणारा पीडीएफचा प्रकार) चालू करा, आणि नंतर रीडरमध्ये फाइल > प्रॉपर्टीज > फॉन्ट्स उघडून प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' आहे ना ते पाहा. स्क्रीनवर बरोबर आणि कागदावर चूक येत असेल तर प्रिंटर स्वतःचा फॉन्ट घुसवतोय: रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज' करून त्या दिवसाचं काम भागवा, आणि नंतर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ट्रूटाइप फॉन्टसमोर 'सब्स्टिट्यूट'ऐवजी 'डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट' करा.